वाचायला दिलेले पुस्तक

वाचायला दिलेले पुस्तक परत येते, तेव्हा ते गेले होते तसे राहिलेले नसते. कुठे कोपरा दुमडलेला असतो, कुठे हळदीचे बोट उमटलेले असते, आणि कुणी धीट वाचक असला तर समासात पेन्सिलीची रेघही असते. मला या खुणांचा राग येत नाही. मार्था बेक या अमेरिकन लेखिकेचे 'एक्स्पेक्टिंग ॲडम' हे माझे पुस्तक आमच्या नात्यागोत्यात असेच बरेच फिरले. मात्र इतके वाद दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाने लावले नाहीत.

पुस्तक १९९९ साली निघाले. मार्था आणि तिचा नवरा जॉन हार्वर्डला शिकत असलेले, मूळचे युटातल्या मॉर्मन कुटुंबांतले. पदरी एक लहानगी मुलगी. दुसऱ्या खेपेला दिवस राहतात, उलट्यांनी ती अर्धमेली होते, आणि नवरा कामापायी सारखा आशियाच्या वाऱ्या करीत असतो. अशात गर्भजलपरीक्षेचा निकाल येतो : मुलाला डाउन सिंड्रोम आहे. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. तेवढ्या एका जादा प्रतीने आयुष्याचा सगळा हिशेब बदलतो. भोवतालचे शहाणे लोक म्हणतात, मोकळी हो. ती होत नाही. १९८८ साली ॲडम जन्मतो.

एवढेच असते तर पुस्तक सर्वांना सारखेच आवडले असते. पण त्यात चमत्कार आहेत. इमारतीला आग लागते, धुराने भरलेल्या जिन्यातून कुणीतरी मायलेकींना धरून खाली आणतो आणि मग तो 'कुणीतरी' कुठेच सापडत नाही. रक्तस्राव होत असताना न दिसणारे हात अंगावर फिरतात. लोक हसतील या भयाने लेखिकेने हे सारे आधी कादंबरी म्हणून लिहून पाहिले होते. शेवटी 'सत्यकथा' म्हणूनच ते छापले गेले, आणि वाचकांत फळी पडली.

माझा भाचा स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. त्याने दोन रात्रींत पुस्तक संपवले आणि तणतणत परत आणले. "मावशी, ही बाई डॉक्टरांना राक्षस करते. आम्ही निकाल सांगतो, निर्णय नाही." त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. १९७१ सालच्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. गर्भात गंभीर दोष आहे असे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर चोवीस आठवड्यांनंतरही वाट मोकळी असते. अशा बाईला माहिती द्यायलाच हवी. मी एवढेच विचारले, "निकाल सांगताना तुझा चेहरा कसा असतो रे?" तो काही बोलला नाही. चहा मात्र थंड होऊ दिला.

गर्भजलपरीक्षा म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ती नको असलेली मुलगी. ॲडम जन्मला त्याच १९८८ साली महाराष्ट्राने या परीक्षांना वेसण घालणारा कायदा केला. देशात तसा तो पहिलाच. मुलगी म्हणून गर्भ नाकारू नये, हे आपण निदान कागदावर तरी मान्य केले. दुबळे मूल म्हणून नाकारावा की नाही, या प्रश्नापाशी मात्र भली भली माणसे विषय बदलतात. आमच्या घरातही चमत्कारांवरच तावातावाने वाद झाले. ते सोपे होते. चमत्कार खरे की खोटे यावर भांडले, की ते मूल आपल्या पोटी आले असते तर, हे बोलावे लागत नाही.

आत्याला इंग्रजी येत नाही. करंज्या भरता भरता मी तिला गोष्ट सांगितली. अदृश्य हातांचे तिला काहीच नवल वाटले नाही. "असतं कुणीतरी," म्हणाली आणि दुसरी पारी लाटायला घेतली. मग थोड्या वेळाने, "त्या थोरलीकडे कोण बघत होतं?" आणि त्याहून थोड्या वेळाने, "आईबाप गेल्यावर त्याचं कोण?" पुस्तक निघाले त्याच १९९९ साली आपल्याकडे राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमून घेता येतो, हे मी तिला सांगितले. "कागद झाला," आत्या म्हणाली, "माणूस?"

मला खरी भीती होती ती माईची. ही माझी मावसबहीण. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. त्यालाही डाउन सिंड्रोम आहे. लहानपणीच त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तिने पुस्तक तीन महिने ठेवले आणि रेघांनी भरून परत दिले.

"हिला देवदूत भेटले," माई म्हणाली. "मला शाळेच्या वेळेला रिक्षावाला भेटत नव्हता."

मी हसले, ती हसली नाही. "अगं, मूल झाल्यावर ही शहाणी झाली, जगाकडे पाहायची नजर बदलली, सगळं कबूल. पण माझा मुलगा मला शहाणं करायला नाही जन्मला. तो त्याचा तो जन्मला. त्याला जगायला चमत्काराची चिठ्ठी कशाला लागते?"

या वाक्यानंतर मी ते पुस्तक पहिल्यासारखे वाचू शकत नाही. तरी माईने एका जागी दुहेरी रेघ ओढली आहे. मार्था एकटी, आजारी, घरात खायला काही नाही. आणि जेमतेम ओळखीची एक बाई वाणसामानाची पिशवी घेऊन दारात उभी राहते. समासात माईचे दोनच शब्द आहेत : 'हे खरे.' मलाही सबंध पुस्तकात ती पिशवीच मोठी वाटते.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने पुस्तक मागितले, तेव्हा माझा हात अडला. तिला चौथा महिना होता, रक्ताच्या तपासणीत शंका निघाली होती आणि पुढच्या परीक्षेची तारीख पडली होती. बेकबाई स्वतः निर्णय त्या त्या स्त्रीचाच मानतात, तसे पुस्तकात म्हणतातही. पण शेवट गोड असलेले पुस्तक न बोलताही बाजू घेतेच. बरे, न द्यावे तर तीही एक बाजूच. शेवटी दिले, माईच्या रेघांसकट दिले, आणि सोबत माईचा पत्ता दिला.

ती गेली. तीन तास बसली. पुढे काय निकाल आला आणि तिने काय ठरवले, हे तिच्या घरचे आहे. मी ते इथे लिहिणार नाही. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा पुस्तकाचे नावही निघाले नाही. "काकू," ती म्हणाली, "मावशींचा मुलगा कॅरममध्ये लबाडी करतो. राणी माझ्या देखत खिशात घातली, आणि वर मलाच म्हणाला, तूच शोध!"