गाडीपासून दारापर्यंत

विमानप्रवासाला निघताना औषधे, तिकिटे, ओळखपत्रे हे सारे आपण आठवणीने घेता, वाचकहो. गाडीतून उतरून विमानतळाच्या दारापर्यंत जायचे कसे, याचा विचार मात्र सहसा होत नाही. मीही केला नव्हता.

माझ्या पतींची डावी बाजू अर्धांगवायूने अधू झाली आहे. काठी घेऊन चालतात, पण डावे पाऊल नीट उचलले जात नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका लहान विमानतळावरून लेकीकडे हैदराबादला निघालो. व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती दाराशी मिळणार होती. गाडी मीच चालवत होते. दारासमोर रक्षक थांबू देईना. दिव्यांगांसाठी राखलेल्या दोन जागांपैकी एकीत कुणाची मोटार, चालक आत निवांत झोपलेला. दुसरीत दुचाकींची रांग. ह्यांना सामानाजवळ उभे करून मी गाडी लावायला मागच्या मैदानात गेले. तेवढ्यात मागून आलेल्या मोटारीला वाट देण्यासाठी हे बाजूला सरकले आणि पदपथाच्या कडेला पाय अडला.

मी परतले तेव्हा दोन अनोळखी मुले ह्यांना उठवून बसवत होती. गुडघाच काय तो खरचटला होता. पण हे हैदराबादपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी तू एकटीच ये."

त्या वाक्याने मला नियम वाचायला लावले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 41 मध्ये विमानतळावरील वाहनतळाचाही उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार राखीव जागा प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत आणि 3.6 मीटर रुंद हवी. ही जास्तीची रुंदी शोभेची नव्हे. गाडीचे दार पूर्ण उघडून व्हीलचेअर आसनालगत आणता येते ती त्या मोकळ्या पट्ट्यामुळेच. आणि नेमका तोच पट्टा पाहून एखाद्याला वाटते, इथे माझी स्कूटर मावेल!

पुढच्या खेपेस विमान कंपनीला 48 तासांच्या आधीच कळवले. नुसते 'व्हीलचेअर हवी' एवढ्यावर थांबलो नाही. 'जिना चढता येत नाही' हेही सांगितले. आपणही हे आवर्जून सांगा, कारण मदतीचा प्रकार त्यावर ठरतो. व्हीलचेअर गाडीपाशी आणून द्याल का, हे विमानतळावर फोन करून विचारले. गाडी चालवायला भाच्याला बरोबर घेतले. ह्यांची समजूत काढायला मात्र तीन आठवडे लागले.

राखीव जागेत त्या दिवशीही एक मोटार उभी होतीच. मी रक्षकाला हाक मारणार, तोच ह्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, उजव्या हाताने काठी बाहेर काढून त्या मोटारीच्या काचेवर हलकेच टकटक केली आणि म्हणाले, "जरा गाडी काढता का? मला इथे उतरायचे आहे."

चालकाने ओशाळून गाडी काढली. हैदराबादपर्यंत हे तीच हकिकत शेजारच्या प्रवाशाला सांगत होते.