गव्हाणीतली ऊब

नाताळच्या आठवड्यात कार्ल्यात पहाटे दूध आणायला निघावे, तर इंद्रायणीवरचे धुके थेट वाटेपर्यंत आलेले असते. भात झोडून झालेले, खाचरे मोकळी, घराघरापुढे पेंढ्याच्या गंजी. मळवलीहून सुटलेली लोकल दिसत नाही, नुसता तिचा भोंगा ऐकू येतो. दूध देणाऱ्या आजी माझ्या दारावरची कागदी चांदणी पाहून दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "आमची दिवाळी सरली, तुमची लागली का, बाई?" मी करंज्यांचे सारण परतता परतता म्हणते, "लागली, आजी."

त्यांचे घर जुन्या मावळी घडणीचे आहे. एकाच छपराखाली माणसे आणि गुरे. दारातून आत शिरले की आधी गोठा, मग गुडघाभर उंचीचा ओटा, आणि त्यावर चूल, कणगी, अंथरुणे. ओट्याच्या कडेलाच लाकडी गव्हाण. गाय तोंड पुढे करते ते सरळ घरात.

दोन वर्षांपूर्वी आजींच्या नातवाची हळद होती. घर पाहुण्यांनी भरून गेले होते. चपलांच्या राशीतून वाट काढत आत गेले आणि थबकले. गव्हाणीत मऊ पेंढा पसरून वर जुन्या लुगड्याची गोधडी अंथरलेली, आणि तिच्यात आजींच्या लेकीचे महिन्याचे बाळ निजलेले. टोपड्यातून नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. पलीकडे गाय रवंथ करत होती. तिच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाळाच्या अंगावरून एक पुसट वाफ जात होती.

"अहो आजी, एवढ्या घरात बाळाला जागा उरली नाही का?" मी म्हणाले.

"जागा हाय की," आजी म्हणाल्या. "पर वर समदी माणसं तुडवत्यात. हितं ऊब आसती."

माझ्या तोंडून आपसूक निघून गेले, "आमचा देवही असाच गव्हाणीत निजला होता."

मग गोष्ट सांगणे आलेच. लहानपणापासून चर्चच्या नाटिकेत पाहिलेली गोष्ट मी सांगितली. दिवस भरलेली मरीया, थकलेला योसेफ, बेथलेहेमची थंड रात्र, दारोदार फिरणे आणि "जागा नाही" म्हणत दार लावून घेणारा तो धर्मशाळेवाला. आजी हळदीचे हात पदराला पुसत ऐकत होत्या. धर्मशाळेवाल्यापाशी त्यांनी मला थांबवले.

"ते गाव कुणाचं म्हणालीस?"

"योसेफाचं. मूळ गाव."

"मंग सोयरे-भावकी मेली व्हती का समदी? भरल्या दिसांच्या बाईला आपल्याच गावात दाराबाहेर कोण ठिवतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ती गोष्ट मी चाळीस वर्षे सांगत आले होते, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

रात्री लूकचा दुसरा अध्याय उघडला. धर्मशाळेवाला तिथे नाहीच. लावलेले दार नाही, नकाराचा एक शब्द नाही. आपल्या मराठी बायबलात 'उतारशाळा' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा'. लूकनेच पुढे बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी हाच शब्द वापरला आहे. तिथे त्याचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असा होतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी खाणावळ-सराई येते, तिच्यासाठी लूक वेगळाच शब्द वापरतो. म्हणून आज बरेच अभ्यासक म्हणतात की बेथलेहेमात भरली होती ती पाहुण्यांची खोली. पॅलेस्टाईनमधली साधी घरेही आजींच्या घरासारखीच असत. दाराशी खालच्या अंगाला गुरे, थोड्या उंचीवर माणसे, मध्ये गव्हाण. म्हणजे मरीयेला कोणी हाकलले नाही. भरल्या घराने तिला आत घेतले आणि जिथे ऊब होती तिथे तिच्या बाळाला निजवले.

नकार पुढे येतोच. हेरोद येतो, क्रूस येतो. तो नकार जन्माच्या रात्रीपर्यंत मागे ओढण्याची घाई आपणच केली. माझ्या विश्वासाचा गाभा मला त्या रात्री नव्याने दिसला. देव आला तो वेगळी खोली मागत आला नाही. दाटीवाटीत, शेणाच्या वासात, बायकांच्या लगबगीत, जे कोपऱ्यात मिळाले त्यात तो निजला. 'इम्मानुएल', आम्हांबरोबर देव, या शब्दातले 'आम्हांबरोबर' मला त्या ओट्याच्या कडेला कळले.

आमच्याकडे विश्वास सांगण्याला 'साक्ष देणे' म्हणतात. खरे सांगायचे तर मला साक्ष देताना नेहमी संकोच वाटत आला. ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाटवायला आली. आणि सांगणाऱ्यालाही कधी कधी वाटते की आपण सांगायचे, दुसऱ्याने ऐकायचे. अशा वेळी मला कवी ना. वा. टिळक आठवतात. त्यांना 1893 साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डब्यात गप्पा झाल्या, पुस्तक हाती आले, इतकेच. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये, तोही त्यांच्या स्वतःच्या शोधाअंती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतरही काही वर्षे आपल्या धर्मातच राहिल्या आणि 1900 साली स्वतःच्या मनाने आल्या. घाई करून कोणाच्या मनात शिरता येत नाही. त्या घरात ओट्याच्या कडेला जागा मिळाली, तरी पुष्कळ झाले.

चैत्रात आजींबरोबर एकवीरेच्या पायऱ्या चढले. देवीच्या देवळाशेजारीच बौद्धांचे ते प्रचंड चैत्यगृह. आजी देवीच्या रांगेत उभ्या राहिल्या, मी आत गेले. डोक्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी. दगडाच्या छताला त्यांची गरज नव्हती, पण लाकडी घरांत वाढलेल्या कारागिरांना त्यांच्याशिवाय छत हे छत वाटले नसावे. खांबांवर देणगीदारांची नावे ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. परक्या वंशाची माणसे, पण दान इथल्या बोलीत लिहून गेली. मला फादर स्टीफन्स आठवले. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या त्या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली, आणि 1616 साली 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. गोष्ट दूरची, आढे इथले.

बाहेर आले तर आजींनी माझ्यासाठीही प्रसाद घेऊन ठेवला होता. नाताळला त्या माझ्या करंज्या खातात आणि "सारण गोड झालंय" असे तोंडावर सांगतात. आमची देवाणघेवाण अशी आहे. त्या अजून एकवीरेच्या आहेत, मी ख्रिस्ताची आहे, आणि माझी सुवार्ता मला त्यांनी दुरुस्त करून दिली आहे.

यंदा चर्चच्या नाटिकेतून आम्ही धर्मशाळेवाल्याचे काम काढून टाकले. ते करणारा मुलगा हिरमुसला होता. त्याच्या हाती आजींच्या गंजीतला पेंढा दिला आणि सांगितले, तू घरधनी, गव्हाण तू भरायची.