राजूरची नानी आणि त्रिनिदादचा सुंदर

महाराष्ट्राच्या नकाशात राजूर शोधायला बसलात तर गोंधळून जाल. एक राजूर जालना जिल्ह्यात, गणपतीचं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. आणि आमचं राजूर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. आमच्याकडे जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर चुन्याच्या भट्ट्या! म्हणून सगळे याला 'राजूर कॉलरी' म्हणतात. भट्ट्यांजवळच्या झाडांची पानंसुद्धा पांढुरकी दिसतात. पाऊस पडला की तेवढी हिरवी होतात.

खाण आणि भट्टी म्हटली की मजूर आलेच. कुणाचे आजोबा बिहारमधून आले, कुणाचे छत्तीसगडहून, कुणाचे तेलंगणातून. त्यामुळे माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत डबे उघडले की चार प्रांतांचा वास येतो आणि भांडण झालं की चार भाषा ऐकू येतात.

मागे माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. कविता अगदी तालात म्हणायची. एकदा खेळाच्या तासाला ती काहीतरी गुणगुणत होती. मी म्हटलं, "मोठ्यानं म्हण ना." ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ते घरचं आहे. शाळेतलं नाही."

खरं सांगू? चूक माझीच होती. वर्षाच्या सुरुवातीला मीच तिला दटावलं होतं, "वर्गात घरची बोली नको, नीट बोल." मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

पुढे तिच्या मावशीच्या लग्नाला आम्हा शिक्षकांना बोलावणं आलं. संध्याकाळी बायका ढोलक घेऊन माती आणायला निघाल्या. याला त्यांच्याकडे 'मटकोर' म्हणतात. सगळ्यांत पुढे तिची नानी. भोजपुरी गाणी सुरू झाली आणि नवरदेवाकडच्यांची अशी काही टिंगल, की बायका हसून हसून वाकल्या. आपल्याकडे हळदीला विहीणबाईची चेष्टा करतात ना, अगदी तशीच! माझी विद्यार्थिनी टाळ्या वाजवत प्रत्येक ओळ म्हणत होती. वर्गात न उघडलेला तो गळा मी तिथे ऐकला.

घरी येताना मला सुंदर पोपो आठवला. नाव ऐकून हसू नका. तो होता फार लांबचा, त्रिनिदादचा. नकाशात दक्षिण अमेरिकेच्या माथ्यावर, व्हेनेझुएलाजवळ, एक चिमुकलं बेट दिसेल. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ.

तिथे आपली माणसं कशी पोचली? त्रिनिदादमधल्या उसाच्या मळ्यांवर कामाला माणसं हवी होती. इंग्रजांनी करार करून हिंदुस्थानातून मजूर नेले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं झालं 'गिरमिट' आणि माणसं झाली 'गिरमिटिया'. पहिलं जहाज, 'फतेल रझाक', कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ ला तिथे लागलं. तीन महिन्यांहून जास्त प्रवास! १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं अशी गेली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, म्हणजे आमच्या नानीच्या मुलखातली. सामान थोडंच होतं. गाणी मात्र भरपूर. मटकोरही गेलं, तिथे ते 'माटीकोर' झालं. आईचे आईवडील तिथेही नाना-नानी, आणि वडिलांचे आईवडील चक्क आजा-आजी, आपल्यासारखेच!

गावांची नावंसुद्धा गेली. कलकत्त्याजवळ बराकपूर आहे, तसं त्रिनिदादमध्येही आहे. तिथे १९४३ साली सुंदर जन्मला. वडील ताशा वाजवायचे. हो, आपल्या मिरवणुकीतला तोच ताशा. सुंदर लहानपणापासून लग्नांत, पूजेत भजनं म्हणायचा आणि पोटासाठी पहारेकऱ्याची नोकरी करायचा. १९६९ च्या सुमाराला त्याचं 'नाना अँड नानी' हे गाणं रेकॉर्डवर आलं. विषय काय, तर घरातल्या म्हातारा-म्हातारीची गंमत. भाषा काय, तर थोडी तिथली हिंदी, थोडी इंग्रजी. अगदी जशी घरात बोलत तशी! कुणी त्याला 'नीट बोल' म्हटलं असतं, तर हे गाणं झालंच नसतं. (हे मी स्वतःलाच ऐकवते आहे.)

गाणं बेटभर गाजलं. अशा चटकदार गाण्यांना तिथे नावही तसंच आहे, 'चटणी'. ढोलक, हार्मोनियम आणि 'धनताल' ही त्यांची वाद्यं. धनताल म्हणजे लांब लोखंडी दांडा, त्यावर घोड्याच्या नालेसारख्या तुकड्यानं ठोका द्यायचा. बायकांनी अंगणात म्हटलेली गाणी अशी स्टेजवर गेली. १९८७ साली द्रुपती रामगुनाई या गायिकेनं चटणीत तिथलं 'सोका' संगीत मिसळलं. आणि मजा बघा, मुंबईच्या बाबला आणि कांचन या जोडीनं सुंदरची गाणी नव्यानं गाऊन इकडेही गाजवली. सातासमुद्रापार गेलेली गाणी फिरून महाराष्ट्रात आली! सुंदर २ मे २००० रोजी वारला. त्याला तिथे चटणीचा राजा मानतात आणि चटणी-सोकाच्या मोठ्या स्पर्धाही भरतात.

लग्नानंतरच्या शनिवारी मी वर्गात मोबाइलवर सुंदरचं गाणं लावलं. पोरं आधी हसली, मग बाकांवर ठेका धरला. ती मुलगी मात्र कान देऊन ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "मॅडम, हा तर आमच्यासारखा बोलतो!" आणि न सांगता उठून तिनं नानीचं गाणं म्हटलं. दोन कडवी. तिसरं आठवेना, तर म्हणाली, "सोमवारी विचारून येते."

सोमवारी नानीच आली. डोक्यावर पदर, हातात ढोलक.

तुमच्याही घरी अशी आजी, नानी किंवा अव्वा असेल. आज जेवणं झाली की तिला एक जुनं गाणं म्हणायला सांगा आणि वहीत उतरवून घ्या. अर्थही विचारा. एखाद्या गाण्याचा अर्थ ती मुळीच सांगणार नाही, नुसती पदरात तोंड लपवून हसेल. तेही वहीत लिहा.