तुर्तुक : सरहद्द सरकली, गाव तिथेच राहिले

लेहहून खारदुंग घाट ओलांडला आणि नुब्राची वाळू मागे टाकली की रस्ता श्योक नदीच्या काठाने जाऊ लागतो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर. वाटेतल्या गावांत बौद्ध गोंपा दिसतात. लेहपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर मात्र हिरवी शेते, जर्दाळूची झाडे दिसू लागतात आणि अजान कानी पडते. हे तुर्तुक, बाल्टी मुसलमानांचे गाव.

डिसेंबर १९७१ पर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यातील बाल्टिस्तानात होते. त्या युद्धात तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही गावे भारताकडे आली. माणसे आपापल्या घरातच होती, सरहद्द तेवढी सरकली. पण कामासाठी, शिक्षणासाठी स्कर्दूकडे गेलेले तिकडेच राहिले. कुणाचा भाऊ, कुणाची लेक. गावाजवळून वाहणारी श्योक पुढे त्यांच्याकडेच, खपलूला जाते. माणसांना मात्र तो रस्ता बंद आहे.

या डोंगरांत इस्लाम सूफी बुजुर्गांच्या पावलांनी आला. मीर सय्यद अली हमदानी (रह.) यांचे नाव येथे मोठ्या अदबीने घेतले जाते. पुढे सय्यद मुहम्मद नूरबख्श (रह.) यांचा सिलसिला रुजला आणि तुर्तुकचे बहुसंख्य लोक आजही नूरबख्शी आहेत. त्यांची बाल्टी भाषा तिबेटी कुळातली आहे. ल्हासाच्या बोलीतून केव्हाच गळून गेलेले जुने उच्चार या मुसलमानांच्या तोंडी अजून शाबूत आहेत. नमाज अरबीत, शाळेत उर्दू-इंग्रजी, पण अंगाई आणि नात-कसीदे बाल्टीत. दीन बदलला म्हणून मायबोली टाकावी लागली नाही.

वडिलांचे शहाणपण दगडांतही दिसते. दगड रचून केलेल्या छोट्या खोल्यांना येथे नांगचुंग म्हणतात. फटींतून खेळणाऱ्या गार वाऱ्याने उन्हाळ्यातही दूध, लोणी, मांस टिकते. वीज लागत नाही. कुट्टूच्या पिठाची धिरडी, जर्दाळूच्या बियांचे तेल हे रोजचे खाणे आहे. हिवाळ्यासाठी जर्दाळू छपरांवर वाळत घातलेले असतात.

२०१० साली गाव पर्यटकांसाठी खुले झाले. पाहुण्यांच्या खोल्यांमुळे घरात पैसा आला, ही अल्लाहची मेहरबानीच. पण त्याच वाटेने सिमेंटही येते आणि शिकायला बाहेर गेलेली मुले आपसात हिंदी-उर्दू बोलू लागतात. राजवाडा, जुनी भांडी, दागिने संग्रहालयात जपता येतील. अंगाई संग्रहालयात कशी ठेवणार? ती आईच्या ओठांवरच राहते, नाहीतर जाते.

परतीच्या वाटेवर मला आपली घरे आठवली. कोकणातल्या आपल्या मुस्लिम घरांत आजी जी कोकणी बोलते, ती नातवंडांना किती येते? लग्नघरात बायका म्हणत ती गाणी आज कुणाला पाठ आहेत? तुर्तुकच्या लोकांच्या हातून एका रात्रीत देश बदलला, आप्त दुरावले, तरी त्यांनी बोली सोडली नाही. आपल्यापासून तर कुणी काहीच हिरावलेले नाही. आज रात्री आजीजवळ बसून एखादे गाणे लिहून घेतले आणि मुलांना शिकवले, तरी सुरुवात होईल, इन्शाअल्लाह.