वजडीचे थर आणि ज्ञानाची जात

वजडीचे नाव निघाले की आमच्यातलेच शिकलेले तरुण आवाज खाली आणतात. होस्टेलच्या मेसमध्ये, ऑफिसच्या डब्याच्या वेळी ती आपल्या घरी शिजते हे कोणी सांगत नाही. आम्ही समाजशास्त्र शिकलो, नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करतो. आमचे स्पष्ट मत आहे की या लाजेच्या मुळाशी खाण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. ज्ञान कोणाचे मानायचे आणि कोणाचे नाही, हा तो प्रश्न.

वजडी म्हणजे जनावराच्या पोटाची भिंत. आमच्या आया-आज्या गरम पाणी आणि चुना लावून आतले काळपट अस्तर खरवडून काढतात. मागे उरतो तो पांढरट भाग मुख्यतः स्नायूंचा. हे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे आपल्या इच्छेने हलत नाहीत. माणसाच्या आतड्यातही त्यांचे दोन थर असतात : आतला वर्तुळाकार, बाहेरचा उभा. जठराला अन्न घुसळायचे असते, म्हणून तिथे सगळ्यात आत तिसरा, तिरका थरही असतो. मोठ्या आतड्यात बाहेरचा उभा थर मुख्यतः तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो. अन्नाच्या मागचे वर्तुळाकार स्नायू आवळतात, पुढचे सैल पडतात, आणि अन्न पुढे सरकते.

1947 मध्ये सुरू झालेल्या आपल्या 'मेडिकल'मध्ये आमची पोरे आज हे पहिल्याच वर्षी शिकतात. आजीला या थरांची नावे ठाऊक नव्हती. पण कोणता भाग चिवट, कोणता लवकर शिजतो, कोणता कसा उलटा करून धुवायचा, हे तिच्या बोटांना पक्के ठाऊक होते. याला आपण ज्ञान का म्हणत नाही?

इतिहास बघा. मेलेली जनावरे ओढण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले, कातडे कमावण्याचे ढोर-चांभारांवर. शरीराचे आतले ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले, तेच अस्पृश्य ठरले. सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून त्याचे थर मोकळे करून पाहण्याची रीत सांगितली आहे. पण मनुस्मृतीने प्रेताचा स्पर्श विटाळ ठरवला, वैद्याच्या घरचे अन्नसुद्धा निषिद्ध केले. हात एकीकडे राहिले, पोथी दुसरीकडे. पुढे 1836 मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती क्रांती ठरली. त्यांचे धाडस आम्ही मान्य करतो. मात्र आमच्या हातातला सुरा पापाचा आणि त्यांच्या हातातला विज्ञानाचा, हा न्याय कुठला?

जात ही श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले. ती आजही संपलेली नाही. अनेक शवागारांत पोट उघडणारा हात सफाई कामगाराचा असतो आणि अहवालावर सही डॉक्टरांची.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच 1927 मध्ये महाडला मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले होते. होय, सांगितले होते. ते मांस गुलामीचा मोबदला होता. ते सोडणे म्हणजे गावकीची वेठ सोडणे. बाजारातून पैसे मोजून आणलेल्या वजडीला तो नियम लावता येत नाही. आणि जनावरे ओढण्याच्या कामाचे गोडवे आम्हालाही गायचे नाहीत. लादलेले काम फेकून द्यावे, त्यातून मिळालेले ज्ञान मात्र आपले म्हणून सांगावे.

पुरुषसूक्ताने समाजाला शरीराची उपमा दिली : तोंड ब्राह्मण, पाय शूद्र. 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात बाबासाहेबांनी या सूक्ताची चिरफाड केली. खरे शरीर काय सांगते? आतड्याच्या दोन स्नायूथरांच्या मध्ये मज्जातंतूंचे एक जाळे असते. 1860 च्या दशकात ऑअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाने ते दाखवले. 1899 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू तोडून पाहिले, तरी आकुंचनाची लाट चालूच राहिली. म्हणजे पोट डोक्याच्या प्रत्येक हुकमाची वाट पाहत नाही. यावरून आम्ही समाजाचा नियम काढत नाही, कारण उपमेवर समाज उभा करणे हाच मुळात कावा आहे. पण उपमा देणाऱ्यांनी निदान शरीर उघडून पाहायचे होते. भगवान बुद्धांच्या परंपरेत शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन आहे. त्यात केसांपासून आतड्यांपर्यंत सगळे एका ओळीत येते. तिथे कोणत्याही भागाला वर्ण नाही.

म्हणून तरुणांनो, डबा झाकू नका. ज्यांना जमेल त्यांनी 'मेडिकल'चा, 'मेयो'चा दरवाजा गाठा. आणि डॉक्टर झालात तर शवागारातल्या त्या कामगाराला प्रशिक्षण, हातमोजे, कायम नोकरी आणि कामाचे नाव मिळावे म्हणून आपल्या खुर्चीतून बोला. त्याच्या हातातल्या ज्ञानाची किंमत तुम्हाला कळली नाही, तर कोणाला कळणार?

जय भीम!