कोंडलेली हवा

आमच्या घरात गाडी गेली आणि गॅरेज राहिलं. दहा बाय अठराची खोली, पश्चिमेला लोखंडी शटर, वर उघडा स्लॅब. काही वर्षं तिथे जुन्या गाद्या आणि पापडाचे डबे होते. आता केशर आहे. म्हणजे सुनेचं केशर. बाळंतपणानंतर तिची नोकरी सुटली. घरात बसून काय करू, म्हणत तिने सहा महिने वाचन केलं, एका ठिकाणी चार दिवस शिकून आली आणि दोन पाटल्या मोडून चाळीस किलो कंद आणले. पाटल्या तिच्या माहेरच्या होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. पण झोप माझीही उडाली.

केशर म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं, पांपोरची ती उंचावरची माळरानं. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जांभळी फुलं येतात. एका फुलात तीनच तंतू. एक ग्रॅम व्हायला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. या झाडाला बी धरत नाही, कंदापासूनच कंद होतो. म्हणून कंद मेला की सगळंच गेलं. कंदाच्या पोटात कळी धरते ती २३ ते २७ अंशांत, आणि वर येऊन उमलायला तिला १७ च्या आसपास गारवा लागतो. फुलं येईपर्यंत माती लागत नाही. लाकडी ट्रेमध्ये कंद शेजारी शेजारी उभे मांडले की पुरे. ऐकायला सोपं वाटतं. बेळगाव अडीच हजार फुटांवर, हवा थंड, असंही आपण सगळ्यांना सांगत असतो. पण चार वाजता पश्चिमेचं ऊन शटरवर पडलं की लोखंडाला हात लावून बघा.

शटरला आतून दोन इंची थर्माकोल, फटींना स्पंजच्या पट्ट्या, एक टनाचा एसी. सुनेचा नवरा, म्हणजे माझाच मुलगा, म्हणाला, झालं. मी म्हटलं, थांब की जरा. घरातले तीन थर्मामीटर तीन उंचीवर टांगले. खालच्या ट्रेपाशी १६, वरच्या ट्रेपाशी २०. एसीच्या डोळ्यासमोर मात्र १७. ऊन वर चढतं हे चूल पेटवणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. एक छोटा भिंतीवरचा पंखा हळू फिरवत ठेवला, त्याचं तोंड कंदांकडे नाही, भिंतीकडे. तेव्हा कुठे वरखालची हवा एक झाली.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. आपल्या घरातला एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा तो पुन्हा पुन्हा गार करतो, आणि गार करताना तिच्यातलं पाणी काढून बाहेर टाकतो. कंदाला तर ऐंशी टक्के ओल हवी. म्हणून ओल देणारं यंत्र लावलं. ते लावलं तशी थर्माकोलवर दवासारखे थेंब धरायला लागले, आणि आठवड्यात खोलीला जुन्या पेटाऱ्याचा वास आला. गारवा, ओल आणि वारा, तिघी जावा एका स्वयंपाकघरात. एकीला खूश करावं तर दुसरी रुसते.

कंद आले ते नेमके दशलक्षण पर्वाच्या आधी. बस्तीतून बायका घरी आल्या, त्यांनी दारातून ट्रे बघितले. "अक्का, कंद? आणि तेही पर्वात?" मी सांगितलं, हा आपण खात नाही, चिरत नाही, उकडत नाही. फूल दिल्यावर तो परत मातीत जातो आणि तिथे त्याला पिल्लं होतात. एकीला पटलं, दोघींना नाही. खरी अडचण त्यांनी विचारलीच नव्हती. कंद विकणाऱ्याने सांगितलं होतं, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्या. सून पाकीट हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "आई, तुम्हाला चालेल का? नाही केलं आणि कुजले तर?" बुरशी हाही जीवच, हे मला कुणी सांगायला नको. पण पाटल्या मोडलेल्या मुलीला 'नको' म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

मला माझ्या सासूबाईंचं कपाट आठवलं. पावसाळ्यात त्या धान्य उन्हाला, उन्हाचं पुन्हा वाऱ्याला घालायच्या. पाणी गाळायच्या, ओलं फडकं मोरीत कधी पडू द्यायच्या नाहीत. जीव मारायचा नाही, तर तो उपजेल अशी जागाच ठेवायची नाही, हा त्यांचा यत्नाचार. त्याचा अर्थ मला सोवळ्याओवळ्यापेक्षा हवेशी जास्त वाटत आला आहे. सुनेला म्हटलं, पाकीट वर ठेव, पंधरा दिवस दे मला.

छताजवळ एक सहा इंची एग्झॉस्ट बसवला. समोरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, हवा यायला भोक. त्यावर दुहेरी मलमल, पाणी गाळायची असते तीच. चिलटं आत येणार नाहीत आणि मरणारही नाहीत. एग्झॉस्ट दुपारी लावला तर पैसे देऊन केलेला गारवा बाहेर जातो. पण पहाटे पाचला बाहेरची हवाच अठरा-एकोणीस अंशांची असते. तेव्हा वीस मिनिटं पंखा चालवला की खोली श्वास घेते आणि विजेचं बिल वाढत नाही. थर्माकोल रोज कोरड्या फडक्याने पुसायचा. एक दिवसाआड प्रत्येक ट्रे बघायचा, मऊ लागलेला कंद वेगळा काढून मागे पेरूखाली मातीत ठेवायचा. शंभरावर कंद तसे गेले. पाकीट फोडावं लागलं नाही, एवढंच मी म्हणेन. पुढच्या वर्षीचं आत्ता कशाला बोलू?

ऑक्टोबरात एका रात्री वळवासारखा पाऊस झाला आणि साडेतीन तास वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा चालला. दार कुणी उघडायचं नाही, असं बजावून आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. मला किल्ल्यातली कमलबस्ती आठवत होती, १२०४ सालची. मे महिन्यातही तिच्या दगडी फरशीवर पाय गार पडतात. वीज आली तेव्हा आत २१ अंश होते. सून काहीच बोलली नाही, फक्त चहा टाकायला उठली.

फुलं आली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. उमलायच्या आत पहाटे खुडायची, दुपारपर्यंत तंतू वेगळे करायचे. बोटं पिवळी होतात, जांभळी नाहीत, हे मला नवीन होतं. विकण्याजोगं झालं ते एका छोट्या डबीत मावलं. त्यातली चिमूट अभिषेकाला बस्तीत दिली. न पटलेल्या दोघींपैकी एकीने वाटी पुढे केली, दुसरी खांबाआड उभी राहिली.

कंद आता मागच्या अंगणात मातीत आहेत. एप्रिलनंतर पानं वाळली की ते पुन्हा गॅरेजमध्ये येतील, आणि त्यांच्या पोटात कळी धरायला २५ अंश लागतील. आमचा स्लॅब मे महिन्यात रात्री दहालाही तवा असतो. गवंड्याला चुना मारायला सांगितलंय. सून म्हणते पांढरा रंग बरा, जास्त टिकतो. अजून ठरलेलं नाही.