गिरगाव ते दादर : घर आणि शाळा शोधताना

चिपळूणहून मुंबईला बदली झाली, तेव्हा नातेवाइकांनी एका वाक्यात सल्ला दिला : मुंब्रा किंवा मीरा रोड बघा, आपली माणसं आहेत, भाडंही परवडेल. सल्ल्यात आपुलकी होती. पण नोकरी लोअर परळला. मुंब्र्याहून दादरपर्यंतच गर्दीच्या लोकलमध्ये तासभर उभं राहायचं, मग मुलांशी बोलायचं कधी? मोठा मुलगा पाचवीत आणि धाकटी पहिलीत जाणार होती. दोघांचंही बोलणं, वाचणं, भांडणं सगळं मराठीत. म्हणून आम्ही चार शनिवार काढले आणि गिरगाव ते दादर हा पट्टा पायी फिरून पाहिला. शनिवार अशासाठी, की रविवारी शाळांना कुलूप असतं.

सुरुवात गिरगावातून केली. चर्नी रोडला उतरून आत वळलं की चाळी, वाड्या आणि शाळा यांची दाटी लागते. चिकित्सक समूहाची शिरोळकर शाळा, सेंट तेरेसा अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. काळबादेवीच्या पलीकडे १८०२ सालची जामा मशीद आहे. तिच्या कारभारात कोकणी मुसलमानांचा पूर्वीपासून मोठा वाटा. आतलं पाण्याचं कुंड मुलं बराच वेळ बघत उभी राहिली. म्हणजे गिरगाव आपल्याला परकं नाही. अडचण आहे ती घरांची. जुन्या खोल्या पागडीच्या, आणि बऱ्याच इमारतींचा पुनर्विकास आज ना उद्या होणार. अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतली आणि ऐन सहामाही परीक्षेत इमारत रिकामी करायची वेळ आली तर काय? घरमालकाला आम्ही हाच प्रश्न विचारला. त्याने हसून वर छताकडे बोट दाखवलं.

इथूनच बाबुलनाथ जवळ. तिथे बॉम्बे इंटरनॅशनल स्कूल आहे, काही पालकांनी एकत्र येऊन १९६२ मध्ये सुरू केलेलं. हल्ली आपल्या घरांतही ‘इंटरनॅशनल’ या शब्दाचं आकर्षण वाढलं आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. शाळेच्या पाटीवर हा शब्द असणं वेगळं आणि शाळा आयबी किंवा केंब्रिज मंडळाची असणं वेगळं. आधी मंडळ विचारावं. ज्यांची नोकरी दर तीन वर्षांनी देश बदलते त्यांना या मंडळांचा खरा उपयोग, कारण दुबईत सुटलेला धडा लंडनमध्ये पुढे चालू होतो. दहावी-बारावी महाराष्ट्रातच करायची असेल, तर वर्षाला लाखो रुपये फी भरून नेमकं काय मिळतं, हे कागदावर मांडून बघावं. आम्ही मांडलं आणि तो विषय तिथेच संपवला. ज्यांना हे शिक्षण हवंच आहे त्यांनी महापालिकेकडेही बघावं. माटुंग्यात तिची केंब्रिज मंडळाची आणि माहीममध्ये आयसीएसई मंडळाची शाळा आहे, आणि फी नाही.

आमचा एक भाचा नेदरलँड्समध्ये, आम्सटरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनला राहतो. तोही तेव्हा घर आणि शाळा शोधत होता. त्याने सांगितलं की तिथे १९१७ पासून धर्माच्या पायावर चालणाऱ्या शाळांनाही सरकार इतर शाळांइतकाच पैसा देतं, त्यामुळे इस्लामी प्राथमिक शाळाही सरकारी खर्चाने चालतात. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. मुंबईत त्याआधी कितीतरी वर्षं, १८७४ मध्ये, अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली होती. बोरीबंदरसमोरची तिची इमारत आणि बेलासिस रोडवरची मुलींची शाळा आम्ही पाहिली. तालीम उत्तम. पण आमच्या मुलांना मराठी माध्यम हवं होतं, आणि ते शोधायला परळकडेच जावं लागलं.

लालबाग-परळला आम्ही सर्वांत जास्त फिरलो. आजीचे भाऊ इथल्या गिरणीत होते, एवढीच घरातली आठवण. रत्नागिरी-रायगडची माणसं इथे गिरणीत राबली, खाणावळींत जेवली, गावाला मनीऑर्डर करत राहिली. त्यांत कोकणी मुसलमानही होते. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल याच कामगारांपुढे गात गात शाहीर अमर शेख झाले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांनी गाजवल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या गेल्या आणि त्या जमिनींवर टॉवर आले. आता मसाल्याच्या दुकानांतून मिरची कुटल्याचा ठसका येतो आणि मान वर केली की चाळीस-पन्नास मजले दिसतात. चाळींतली भाषा मात्र अजून आमचीच आहे. एका भाजीवालीने धाकटीला “कुठली गो तू?” असं विचारलं, आणि पोरीला गाव इथेच सापडलं.

शाळा इथे आवडल्या. मराठी माध्यम, पाचवीपासून सेमी इंग्रजी, मैदान लहान पण आहे. एका शाळेत बाईंनी मोठ्याकडून अर्धं पान वाचून घेतलं आणि “कोकणातली मुलं स्पष्ट वाचतात” असं म्हणाल्या. गणपतीचे दहा दिवस लालबागला पाय ठेवायला जागा नसते, घर घेणाऱ्याने हे गृहीत धरावं. आम्हाला त्याची अडचण वाटली नाही, कोकणात तेच पाहत वाढलो.

घर मात्र मिळेना. दलाल फोनवर उत्साहाने बोलायचा आणि नाव ऐकलं की “शेठ, ती खोली कालच गेली” म्हणायचा. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा पाजला आणि नियम ‘फक्त शाकाहारी’ असल्याचं सांगितलं. जिन्यात सुक्या बोंबलाचा वास दरवळत होता. कायद्याचं बोलायचं तर २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा नियम मान्य केला. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा आम्ही पुढे निघालो. राग आला हे लपवत नाही. मुलांसमोर तो काढला नाही इतकंच. मोठ्याने विचारलं, “नाव सांगितल्यावरच खोली का जाते?” त्याला जे आहे ते सांगितलं.

दादरला हा समाजावार राहण्याचा इतिहास रस्त्यांवरच वाचता येतो. १८९६ ला प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्तीबाहेर हवेशीर घरं हवीत म्हणून दादर-माटुंगा आखलं गेलं. त्यातूनच हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी वसल्या. झाडं सुंदर, फुटपाथ रुंद. शिवाजी पार्कला १९४० मध्ये सुरू झालेलं बालमोहन, हिंदू कॉलनीत पूर्वीची किंग जॉर्ज म्हणजे आताची राजा शिवाजी. मराठी शाळांची इतकी भक्कम नावं मुंबईत दुसरीकडे क्वचितच एकत्र सापडतील. भाडं विचारून आम्ही पार्कात भेळ खाल्ली आणि परतलो.

उत्तर शेवटी नकाशावर मिळालं. या भागात अंतरं फार लहान आहेत. भायखळ्याहून परळ तिसरं स्टेशन, माहीमहून दादर दुसरं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोने गिरगाव आणि दादरही थेट जोडलेत. मग शाळा ज्या वस्तीत, घरही त्याच वस्तीत हवं असा हट्ट कशाला? आम्ही परळची शाळा आधी पक्की केली आणि घर भायखळ्याला घेतलं. मशीद सात मिनिटांवर, संध्याकाळी मुलांचा कुरआनचा वर्ग खालच्याच मजल्यावर, शाळेला आंबेडकर रोडने सरळ बस. करी रोडला उतरून ऑफिस चालत गाठता येतं. भायखळ्याच्या घरात उजेड कमी आहे आणि पाणी पहाटे साडेचारला येतं. फजरला उठणाऱ्यांना ते सोसतं.

तुम्ही निघणार असाल तर दोन-तीन गोष्टी आधी करा. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर घर आधी घ्यावं लागेल, कारण तिथे घरापासून शाळेचं अंतर मोजतात. अल्पसंख्याक शाळांना ती तरतूद लागू नाही, हेही ध्यानात ठेवा. इंग्रजी शाळा निवडलीत तरी मराठीचा तास कसा चालतो ते बघा. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीची आहे, पण काही ठिकाणी तो तास नावालाच असतो. मराठी शाळा निवडलीत तर पहिलीच्या वर्गात किती मुलं आहेत ते विचारा. पट घसरत चालला असेल तर तुकडी पुढे टिकेल का, हेही मुख्याध्यापकांना तोंडावर विचारा, ते रागावत नाहीत. आमच्या धाकटीच्या वर्गात एकवीस मुलं आहेत. पुढच्या वर्षी तिची मावसबहीण खेडहून येते आहे, तिचाही अर्ज त्याच शाळेत भरला आहे.